बारानंतरचं काम

आमच्या गिरणीच्या बालवर्गात मी आया होते. सूत गुंडाळायच्या खात्यातल्या बाया सकाळी सातच्या भोंग्याला पोरं आमच्याकडे सोडायच्या आणि बाराच्या सुट्टीत घरी नेऊन सासूच्या हवाली करायच्या. चाळीसेक पोरं आणि शिकवायला एकट्या रत्नम्माबाई. साखर पेठेतल्या विणकराच्या घरची विधवा, वय तिशीचं. तेलुगू, कानडी, मराठी, ज्या पोराची जी भाषा त्या भाषेत त्याला हाक मारायची. मलाही तिनंच मागच्या रांगेत बसवून अक्षरं शिकवली. तेव्हा माझे केस अर्धे पिकले होते.

बारानंतर वर्ग रिकामा, पण बाई पाचपर्यंत कामात असायची. सूत गुंडाळायच्या, गिरणीनं टाकून दिलेल्या लाकडी कांड्या आमची खेळणी. पोरं त्या मोजत, मनोरे रचत. जुन्या कांडीला कुसळं सुटतात. म्हणून बाई रोज दुपारी जमिनीवर बसून एकेक कांडी काचकागदानं घासायची, मग आपल्या गालावरून फिरवून बघायची. गालाला टोचली तर पुन्हा घासायची. पोरांचे मोजायचे चिंचोके धुऊन बारके वेगळे काढायची, कारण बारके पोरं नाकात घालतात. उन्हं कलली की जे पोर दोन दिवस आलं नाही त्याच्या घरी जायची.

एका दुपारी कंपनीचे साहेब पाहणीला आले. बाई गालाला कांडी लावून बसली होती. साहेबांनी दारातूनच बघितलं, एक शब्द विचारला नाही आणि गेले. चार दिवसांनी दारावर हेडक्लार्कच्या सहीचा कागद लागला. मी अक्षर लावून लावून वाचला: ‘शिक्षिका रिकाम्या वर्गात खेळण्यांशी खेळत असल्याचे आढळले. मुले नसताना शिक्षिकेस काम नसते. सबब बारानंतर तिने हजेरी खात्यात बसून कामगारांच्या हजेरीची तिकिटे लिहावीत.’

खेळत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाई मात्र म्हणाली, “केराबाई, नोकरी हाय ही. जाते मी.”

आठ दिवस ती तिकिटं लिहीत बसली. मला सकाळी पोरं आणि दुपारी झाडलोट, कांड्यांना हात लावायला फुरसत कुठली? नवव्या दिवशी सुताच्या खात्यातल्या मायाक्काच्या धाकटीच्या अंगठ्यात हे एवढं कुसळ घुसलं. दुसऱ्या दिवशी हात सुजला, पोर तापानं फणफणली. आणि हेडक्लार्क गुरुसिद्धप्पा वर्गात येऊन बाईलाच म्हणाला, “निष्काळजीपणा झाला तुमचा. असं चालायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी सातच्या आधी येऊन बाईनं दाराला कडी घातली आणि पायरीवर दोनशे कांड्यांचा ढीग ओतून घासायला बसली. बाया पोरं घेऊन आल्या.

“बाई, दार उघडा की! भोंगा झाला!”

“थोडं थांबा. खेळणी तयार न्हाईत.”

“मग आमी पोरं कुटं ठेवू? कडेवर घिऊन कांड्या भरू व्हय?” मायाक्काची जाऊ ओरडली. पोर घेऊन खात्यात जायला बंदी होती. तीस बाया पायरीवर उभ्या, आणि आत मशिनं रिकामी. अर्ध्या तासात गुरुसिद्धप्पा पगडी सावरत धावत आला.

“काय तमाशा हाय हा? दार उघडा!”

“साहेब, मुलं नसताना मला काम नसतं असं तुमीच लिवलंय,” बाई हातातली कांडी न थांबवता म्हणाली. “म्हणून मुलं असताना करते.”

“किती वेळ लागंल?”

“चाळीस झाल्या. बाकीच्या ऱ्हायल्यात.”

बायांतली बिस्मिल्ला कडेवरचं पोर सावरत म्हणाली, “तुमी बी बसा की साब! गाल तर लई मोठे हायत तुमचे, दोन दोन कांड्या मावतील!”

बाया फसकन हसल्या. गुरुसिद्धप्पा लाल झाला. आतून मॅनेजरचा निरोपावर निरोप येत होता. शेवटी त्यानं खिशातून पेन्सिल काढली आणि त्याच कागदावर खाली लिहिलं: ‘बारा ते तीन, वर्गाची तयारी.’

“आणि तीन ते पाच पोरांच्या घरी जाणं,” बाई म्हणाली. “तेबी लिवा.”

“घरी जाणं ही तुमची हौस हाय. ती कंपनीच्या वेळात बसत न्हाई.”

“हौस?” मीच ओरडले. “गोवर आलेलं पोर घरी जाऊन कुणी हुडकलं? हितं आलं असतं तर सगळ्या खात्याची पोरं अंथरुणाला खिळली असती. मग कोण चालवणार होतं तुमची मशिनं?”

“तू आया हायस. आयासारखी रहा.” आणि तो गेला. पोरं उन्हात रडायला लागली होती, म्हणून बाईनं कडी काढली. बाया आत धावल्या. अर्ध्या तासाचा खाडा मात्र त्यांच्याच नावावर पडला, कागद लिहिणाऱ्याच्या नाही.

त्या दिवशी तीनला हजेरी खात्याचा शिपाई बाईला तिकिटं लिहायला बोलवायला आला. बाई नुकतीच मायाक्काच्या घरी गेली होती, पोरीचा हात बघायला.

“बाई कुटं हायत?”

“कामावर,” मी म्हटलं.

“हितं तर न्हाईत.”

“म्हणूनच सांगते, कामावर गेल्यात.”

त्यानं जाऊन काय सांगितलं कोण जाणे. बाईची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागली. त्या महिन्यात ती आणखी नऊ वेळा लागली. बाई नऊही वेळा पोरांच्या घरी गेली.