खालची तोटी

बाटलीच्या मधोमध साबणाचं पांढरं कडं — बोटभर जाड, हलवली तरी न मोडणारं... तिने बाटली खिडकीकडे धरली, उलटीसुलटी केली, पुन्हा मेजावर ठेवली. वर नव्या घाण्यातलं इंधन, खाली तपासणीसाठी घातलेलं पाणी, आणि मधे हे. घाणा नीट जमला की दोन्ही पाच मिनिटांत वेगळी होतात, वाटण्या झालेल्या भावांसारखी, असं सर म्हणायचे.

विद्यापीठाच्या खाणावळीत तळून उरलेल्या तेलाचं डिझेल करायचं आणि त्यावर आवारातली बस चालवायची, हा सरांचा एकोणीस वर्षांपूर्वीचा ध्यास. सर निवृत्त झाले, मग कायमचेच गेले. ती, त्यांची मदतनीस, टाकी सांभाळत राहिली. आता विजेच्या बस येत होत्या. कुलसचिवांनी शांतपणेच सांगितलं होतं, की आजचा घाणा तपासणीत उतरला तर हे काम आणखी वर्षभर चालेल, नाहीतर खोलीला कुलूप. तपासणी मात्र तिच्यावरच सोपवली होती.

आणि नेमका हाच घाणा... सकाळी तिने खाणावळीतल्या मावशींना विचारलं, तर त्या केवढ्या कौतुकाने म्हणाल्या, "अगं, तुझी परीक्षा म्हणून या खेपेला तेलाचे डबे खळखळून धुतले. पुसायचे तेवढे राहिले बघ. चुकलं का काही?"

"नाही हो, मावशी."

डिझेल होताना तेलात पाणी असलं की त्याचा साबण होतो, हे त्या मायेला कोणत्या तोंडाने सांगायचं?

टाकीला दोन तोट्या. साबण बसतो तळाशी. वरच्या तोटीतून आत्ताही लख्ख, मधाच्या रंगाचं निघालं असतं... अशीच होती ती पहिल्या तपासणीची सकाळ. तेव्हाही बाटलीत असंच कडं होतं, सरांनी तिला चहा सांगायला पाठवलं, आणि ती परतली तर बाटली नितळ. मग बसची पहिली फेरी — मागच्या बाकावर ती आणि सर, धुराला तळणीचा वास, मुलं खिडक्यांतून ओरडतायत, जेवायला काय आहे आज — किती हसली होती ती, पोट दुखेपर्यंत. त्या दुपारी खोलीत आली तेव्हा वरची तोटी ठिबकत होती. तिनेच ती घट्ट केली, निमूटपणे. दुसऱ्या दिवसापासून सर अडून बसले ते कायमचे — नमुना खालच्या तोटीचाच, बाई, काही झालं तरी.

एकोणीस वर्षं ती याला सरांची शिस्त म्हणत आली.

फोन वाजला. कार्यालयातला कारकून निकाल मागत होता.

"लिहितेच आहे," ती म्हणाली. "थोडं थांबा."

तेव्हा सर सेहेचाळीसचे होते. आपण आता बावन्नच्या... म्हणजे ते लहानच की. त्या सकाळी ते किती घाबरले असतील, हे तिच्या मनात आजवर कधी आलंच नव्हतं. राग येईल म्हणून ती वाट पाहत राहिली, आला नाही. धाकट्या भावाला जवळ बसवून, अरे, मला तेव्हाच कळलं होतं, असं सांगावं, तसं तिला वाटलं. तिने निकालाचा कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं, आणि पहिली ओळ लिहिली — नमुना, खालच्या तोटीचा — हळूहळू, कुणाची तरी समजूत काढत असल्यासारखं.