अधिकृत काळजी

खुर्ची बदलून पाहिली, पंख्याखाली बसून पाहिलं, खिडकीशी बसून पाहिलं, पण सुरक्षा प्रतिनिधींच्या शिबिरात माझा पाय काही थांबेना. शेजारी इस्पितळाच्या धुलाईखान्यातली बाई होती. ती शेवटी म्हणाली, "अहो, टेबल हलतंय. माझं अक्षर बघा कसं आलंय." मी पाय दाबून धरला, तर बोटं वाजायला लागली.

मुळात मी तिथे पोचले तीच थट्टेतून. आमचा कारखाना गुरांच्या खाद्याचा. मी पोती शिवायच्या मशीनवर, आणि माझा धाकटा दीर कोंड्याच्या टाक्यांवर. कामगारांमधून एक सुरक्षा प्रतिनिधी निवडायचा अशी सूचना लागली, तेव्हा जेवणाच्या शेडमध्ये सगळे एकमेकांच्या डब्यात बघायला लागले. नसती ब्याद कोण गळ्यात घेणार? तेवढ्यात भाऊजी बाकावर चढले.

"आमच्या वहिनीचं नाव लिहा! ती तशीही सगळ्यांची काळजी फुकट करत असते. आता अधिकृतपणे करू दे."

अख्खी शेड हसली आणि अख्ख्या शेडचे हात वर गेले. तांदळातला खडा निवडावा तशी मी निवडून आले.

काळजीच्या बाबतीत माझी कीर्ती वाईट आहे, हे कबूल. गॅस बंद केला का, म्हणून मी कोपऱ्यावरून परत येते. कोणी शिंकलं की मला डॉक्टर आठवतो, कोणाला उशीर झाला की पोलीस. लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या त्या पोरासारखी माझी गत. खरा लांडगा आला तर आमच्याकडची मंडळी त्याला बसायला खुर्ची देतील.

शिबिराच्या दिवशी सकाळी भाऊजी बूट घालताना म्हणाले होते, "आज मोठी टाकी अडलीय. जेवणाच्या सुट्टीनंतर उतरायचंय."

कोंडा दमट झाला की टाकीत चिकटून बसतो. खालचा माल निघून जातो आणि वरचा थर तसाच अधांतरी राहतो. मग कोणीतरी वरच्या झाकणातून आत उतरायचं, त्या थरावर उभं राहायचं आणि पहारीने तो फोडायचा. हे काम भाऊजींचं. त्यांच्याइतक्या झटपट ते कोणालाच जमत नव्हतं, आणि त्याचा त्यांना तोरा होता.

"जपून हं," मी म्हटलं.

"जपून उतरायचं म्हटलं तर उतरताच येणार नाही, वहिनी. तू तिकडे वर्गात झोपू नकोस म्हणजे झालं."

शिकवणारे गृहस्थ पूर्वी अग्निशमन दलात होते. माणूस धिप्पाड, पण आवाज इतका हळू की पुढे झुकून ऐकावं लागे. जेवायच्या थोडं आधी त्यांनी टेबलावर एक मोठी प्लास्टिकची बरणी ठेवली. तिच्या तळाला भोक पाडून बूच बसवलेलं होतं. बरणीत त्यांनी कोंडा भरला, वरून पाणी शिंपडलं, तळव्याने दाबला आणि त्यावर बुद्धिबळातलं एक प्यादं उभं केलं. मग खालचं बूच काढलं. बराच कोंडा ताटलीत पडला.

"वर काय बदललं?"

"काही नाही," आम्ही म्हणालो. प्यादं ऐटीत उभं होतं.

त्यांनी पेन्सिलीने थर टोचला. प्यादं दिसेनासं झालं. आवाजसुद्धा आला नाही.

बसडेपोतला इलेक्ट्रिशियन म्हणाला, "दोरी असली तर?"

"आधीपासून नीट बांधलेली, ताणलेली असेल तर वाचेल. छातीपर्यंत गाडला गेल्यावर ओढाल तर माणूस निघत नाही. आणि वर उभा असलेला सोबती काय करतो? उडी मारतो. आम्हाला बहुतेक वेळा दोघं सापडायचे."

आमच्याकडेही दोरी होती. तिच्यावर आम्ही ओले हातमोजे वाळत घालायचो. मी हात वर करायचा सोडून उभीच राहिले.

"सर, आमच्याकडे आज हेच आहे. दुपारी. माझा दीर उतरणार आहे. मला थांबवता येईल का?"

"शिबिर पूर्ण झालं की तुम्हाला काम थांबवायचा अधिकार मिळतो. आज नाही. पण ज्याला उतरायचंय तो स्वतः नाही म्हणू शकतो." बोलता बोलता त्यांनी आमचे फोन ठेवलेला ट्रे माझ्यापुढे सरकवला. "त्याला फोन करा. मी तुमच्या ऑफिसला करतो."

ऑफिसने त्यांना सांगितलं की साहेब जेवायला गेलेत, आले की निरोप देऊ. भाऊजींनी माझा फोन उचलला, पण मागे हसण्याखिदळण्याचा गलका होता.

"भाऊजी, उतरू नका. तो थर खालून पोकळ असतो."

"अगं, पोकळ असतो म्हणूनच तर फोडायचा!"

"तुम्ही आत गेलात तर तुम्हाला बाहेर कोण काढणार?"

"वेल्डर आहे ना वर."

"आणि त्याला?"

"वहिनी, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. जेव, पाणी पी." त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "जा तुम्ही. राहिलेलं मी तुम्हाला नंतर शिकवीन."

बसमध्ये मी बसलेच नाही, दांडा धरून दाराशी उभी राहिले, जणू मी उभी असल्याने बस लवकर पोचणार होती. सिग्नलला गाडी अडकली तेव्हा उतरून धावत सुटले. चप्पल तुटली. ती हातात घेऊन मी कारखान्याच्या फाटकातून आत शिरले, तेव्हा भाऊजी नळाशी उभे होते, डोक्यापासून पायापर्यंत कोंड्याने माखलेले. उतरून, फोडून, वर येऊन झालं होतं.

माझा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या असा संताप आला की हातातली चप्पल फेकून मारावीशी वाटली.

"बघ," दोन्ही हात पसरून ते म्हणाले. "नाक, कान, डोळे. मोजून घे. काही झालं?"

सगळे हसले. वेल्डर तर खाली बसून हसत होता. काही झालं नव्हतं, यात खोटं काहीच नव्हतं. इतकी वर्षं काही झालं नव्हतं. मी बरणीची गोष्ट सांगायला गेले, पण धाप लागलेल्या, एक पाय अनवाणी असलेल्या बाईचं कोण ऐकतंय? पालथ्या घड्यावर पाणी. सुपरवायझर म्हणाला, "ताई, आलाच आहात तर मशीनवर बसा."

मी मशीनवर बसले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिबिराला गेले. राहिलेलं शिकले, शिबिर पुरं केलं. अधिकार मिळाला, त्याने पायाचं हलणं काही थांबलं नाही. उलट आता रोज कामावर गेल्याबरोबर मान वर करून टाकीकडे बघायची सवय लागली.

पुढच्या आठवड्यात टाकी पुन्हा अडली. पहार खांद्यावर टाकून भाऊजी शिडीकडे निघाले. मी मशीन बंद केलं. जाऊन शिडीसमोर उभी राहिले.

"काम थांबवा," मी म्हटलं. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा म्हटलं. "काम थांबवा. या टाकीत आज कोणी उतरणार नाही."

"वहिनी, बाजूला हो. लोक बघताहेत."

"बघू देत."

सुपरवायझर माझ्याकडे बघायला लागला, मग साहेबांकडे गेला. साहेब आले, चिडले, कोणाकोणाला फोन केले, आणि शेवटी त्यांनी स्वतःच शिडीच्या दाराला कुलूप घातलं. बाहेरून कंत्राटदाराची माणसं आली. आत न उतरता, बाजूच्या झरोक्यातून लांब काठ्या घालून त्यांनी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो थर पाडला. तोवर सगळा कारखाना ठप्प होता. भाऊजी बराच वेळ पहार घेऊन उभे होते. नवशिकी माणसं काठ्या घालून जे तासन्‌तास करत होती, ते त्यांनी चहा निवायच्या आत केलं असतं. त्यांनी पहार भिंतीशी टेकवली आणि निघून गेले.

तेव्हापासून घरात माझ्याशी अबोला. एकाच टेबलावर जेवतात, पण बोलतात माझ्या नवऱ्याशी. "दादा, प्रतिनिधीबाईंना म्हणावं, मीठ इकडे द्या." आमचे हे एकदा वैतागले, "मी काय टपालखातं आहे?" मी हसले. भाऊजी हसले नाहीत. मला फार वाईट वाटलं. या घरात मी आले तेव्हा पहिल्यांदा माझ्याशी थट्टा केली ती त्यांनीच.

काल मी भांडी घासत होते. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"एक विचारू? खरं सांगा." मला ते 'तुम्ही' म्हणाले. "त्या दिवशी मी उतरलो असतो, तर काही झालं असतं का?"

मला हो म्हणता आलं असतं. त्यांनाही ते बरं वाटलं असतं, मलाही. नळ चालू होता, तो मी बंद केला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माहीत नाही! आणि तेवढ्यासाठी चारचौघांत माझी..."

"भाऊजी, ते मला कधीच कळू नये म्हणून थांबवलं."

ते वळले. मग त्यांच्या खोलीत गेले आणि दार आपटलं. पलंग करकरला. पाठोपाठ रेडिओ लागला, मुद्दाम मोठ्याने, भिंतीतून गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू येईल इतका.

आमचे हे बाहेरून ओरडले, "अगं, सांग ना त्याला आवाज कमी करायला!"

"असू द्या, आवाज येतोय तेच बरं," मी म्हटलं, आणि ओले हात तसेच ठेवून भिंतीला टेकून ऐकत राहिले.