माळ्यावरून उन्हात

मी एक जुनी, तरीही कोरी छत्री आहे. कोड्यात पडलात ना, मित्रांनो? ऐका तर.

उल्हासनगरच्या एका चिंचोळ्या कारखान्यात माझा जन्म झाला. काड्यांवर काळं कापड ताणून बसलं आणि मला वाटलं, आता कधी एकदा उघडते. पण मला नेलं ते पितृपक्षात. अंबरनाथच्या एका श्राद्धात माझं दान झालं. परलोकाच्या वाटेवर पितरांना सावली मिळावी म्हणून छत्री देतात, हे ऐकून मी हरखून गेले.

पण ते दान घेणाऱ्या श्रीपाद गुरुजींच्या माळ्यावर माझ्यासारख्या छत्र्यांची दाटीच होती. त्यांनी मला बदलापूरच्या एका दुकानात देऊन बदल्यात तांदूळ घेतले. मग पुन्हा श्राद्ध, पुन्हा माळा, पुन्हा दुकान. पुण्य सगळ्यांना लाभलं. माझी घडी काही मोडली नाही.

यंदा जांभूळ गावच्या महेशने त्याच दुकानातून वडिलांच्या, धर्मराजांच्या, श्राद्धासाठी मला घेतलं. त्याच्या आईने, विठाआजीने, मला हातात धरलं आणि माझ्या वेष्टनातून एक काळा तीळ तिच्या तळव्यावर पडला.

"अजून तीळ सोडलेच नाहीत. मग हा कुठला?"

विधीला आलेले श्रीपाद गुरुजी खाकरले. "आजी, मला डोकं एकच. लोक छत्र्या देतात ढीगभर. ठेवू कुठं?"

"म्हणजे ही आधीच दान झालेली? थांब आई, दुसरी आणतो," महेश म्हणाला.

"ती तरी कोरी कशावरून? तुझा बाप जन्मभर भाजीची पाटी घेऊन उन्हात हिंडला. तिकडंपण त्यानं उन्हातच चालायचं काय? बंद छत्रीची कसली रे सावली?"

माझ्या काड्या थरारल्या. आज नाही, तर कधीच नाही.

 गुरुजींनी विधी पुरा केला, तीळपाणी सोडलं, मला उचललं आणि वेष्टन टर्रकन फाडलं. "आज घरी चालत जातो, आजी. ही आता दुकान बघणार नाही."

"आणि तुमची स्कूटर?" आजीने विचारलं.

"महेश आणून देईल की."

खटका दाबला गेला आणि फटकन मी उघडले! केवढं आभाळ, केवढं ऊन, आणि माझ्याखाली गोल, गार सावली. गुरुजी झपाझप निघाले. मागे उंबऱ्यात विठाआजी डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"चालला बघ आपला म्हातारा सावलीतनं," ती महेशला म्हणाली.

मित्रांनो, दान जरूर करा, पण कुणाच्या तरी उपयोगी पडेल असंच द्या. आणि घरी पोचल्यावर माझी घडी घालायची घाई नको, एवढं गुरुजींना सांगा. आत्ता कुठे मी उघडलेय.