दुसरी सही

दादाने केलेल्या यादीत ‘हँड’ या इंग्रजी शब्दाचे एकवीस अर्थ होते. मंगळवारी सकाळी मी खोका उघडला, तर त्यात चव्वेचाळीस कार्डं निघाली.

आधी आमच्या कामाची रीत सांगते, नाहीतर माझा गुन्हा कळायचा नाही. आमचा इंग्रजी-मराठी कोश कार्डांवर तयार होतो. एका अर्थाला एक कार्ड. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली एक वाक्य, तारीख आणि डाव्या कोपऱ्यात दादाची सही. मग ते कार्ड माझ्या टेबलावर येतं. मी ते वाचायचं, पटलं नाही तर भांडायचं, पटलं तर उजव्या कोपऱ्यात सही करायची. दोन सह्या नसलेलं कार्ड छापखान्यात जात नाही. हा नियम दादानेच केला, सव्वीस वर्षांपूर्वी, कंप्युटर घ्या म्हणून लोक हात धुऊन त्याच्या मागे लागले होते तेव्हा. “यंत्र काय, मान डोलावेल,” तो म्हणाला होता. “चिमी भांडते.” चिमी म्हणजे मी. मला चोपन्न वर्षं झाली, पण थोरल्या भावाच्या तोंडी मी अजून चिमीच.

पहिली एकवीस कार्डं वाचताना मजा आली. मनगटापुढचा हात. मग कारखान्यातला कामगार. माणसाचा तेवढाच भाग इंग्रजांना कामाचा वाटत असणार. मग घोड्याची उंची मोजायचं माप. आपला हात कोपरापासून मोजायचा, त्यांचा चार इंचांत आटोपतो. पत्त्यांत आपल्याला फेरी जिंकल्याशिवाय हात मिळत नाही, त्यांना नुसती पानं वाटली की मिळतो. हस्ताक्षर, मदत, टाळ्या. घड्याळाचा काटा, आणि त्याखाली दादाच्या ठसठशीत अक्षरात वाक्य : ‘घड्याळाचा मोठा काटा थांबला आहे.’

बाविसाव्या कार्डावर पुन्हा घड्याळाचा काटा होता. वाक्यही तेच. मला वाटलं, जुना मसुदा चुकून राहिला. पंचविसाव्यावर पुन्हा काटा. तिसाव्यावर पुन्हा. मग मी टेबल रिकामं केलं आणि सगळी कार्डं मांडून बसले. काट्याची नऊ, मदतीची नऊ, टाळ्यांची सात. तारखा मार्चपासून थेट मागच्या आठवड्यापर्यंतच्या. शेवटच्या कार्डावर अर्थाच्या जागी नुसतं लिहिलं होतं : ‘मला माहीत आहे.’

आणि चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस कार्डांवर, उजव्या कोपऱ्यात, माझी झोकदार सही.

मी ती कार्डं वाचलीच नव्हती. फेब्रुवारीपासून मी एकही कार्ड वाचलं नव्हतं. दादाचं चुकत नाही, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. फोन खांद्याशी दाबून लेकीशी गप्पा मारत मी गठ्ठेच्या गठ्ठे सह्या करून मोकळी व्हायची. आता भिंतीशी लावलेली बाकीची खोकी उघडून बघायची माझी छाती होईना.

तेवढ्यात छापखानेवाल्याचा फोन आला. “ताई, एचची कार्डं शुक्रवारी हातात पाहिजेत. मागच्या वेळसारखं आज-उद्या नको.”

“मिळतील,” मी म्हटलं, आणि फोन ठेवताठेवता जादाची तेवीस कार्डं उचलून माझ्या पर्समध्ये कोंबली. एकवीस तर बरोबर होती. उरलेली घरी नेऊन फाडली असती तर कुणाला पत्ता लागला असता? दादाचं नाव राहिलं असतं. माझंही, हेही कबूल करते.

दहाला दादा आला. पिशवी खुंटीला अडकवली, चष्मा पुसला. “हँड वाचलंस?”

“वाचलं.”

“सगळं?”

“हो रे बाबा, सगळं.”

त्याला एवढं हायसं वाटलेलं दिसलं की मला भडभडून आलं. तो जागेवर बसला आणि लिहायला लागला. पंधरा मिनिटांनी उठून माझ्या टेबलाशी आला आणि कार्ड पुढे केलं. “हा एक राहिला होता बघ. कर सही.”

घड्याळाचा मोठा काटा थांबला आहे.

पेन माझ्या हातातच होतं. पण सही होईना.

“दादा, हा अर्थ झालाय.”

“कधी?”

मी पर्स उघडली आणि काट्याची कार्डं त्याच्यासमोर ठेवली. तो चिडेल, नाहीतर माझं काहीतरी चुकलंय म्हणेल, असं मला वाटलं होतं. त्याने एकेक कार्ड उचलून खिडकीशी धरलं. स्वतःचं अक्षर तो बघतच नव्हता. उजवा कोपरा बघत होता.

“या सगळ्यांवर तुझी सही आहे.”

“हो.”

“मग भांडली का नाहीस?”

तो समोरच्या खुर्चीवर बसला. “फेब्रुवारीत एकदा मला आपल्या घराचा जिना सापडेना,” तो म्हणाला. “खाली उभा राहिलो होतो, भाजीची पिशवी घेऊन. तुझ्या वहिनीला नाही बोललो, ती उगाच जीव टांगणीला लावून बसेल. म्हटलं, डोकं खरंच बिघडत असेल तर कार्डांत दिसेल. आणि कार्डांत दिसलं तर चिमी सोडणार नाही. रोज संध्याकाळी खोका उघडून तुझ्या सह्या बघायचो. सह्या असायच्या. मग घरी जायचो.”

“मी वाचत नव्हते, दादा.” “एकही नाही वाचलं. फेब्रुवारीपासून.”

त्याने मला चार शब्द सुनावायला हवे होते. लहानपणी माझ्या हातून पाटी फुटली तरी तो घर डोक्यावर घ्यायचा. आता तो बोटांवर महिने मोजायला लागला. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली, कारण मोजता मोजता तो पुन्हा पुन्हा पहिल्याच बोटावर येत होता.

“आठ,” मी म्हटलं.

“आठ महिने,” तो म्हणाला. “म्हणजे आठ महिने मी एकटाच होतो.”

मी फोन ओढला आणि वहिनीचा नंबर लावला. पलीकडून ‘बोला वन्सं’ ऐकू आलं, तेव्हा दादाने माझ्या टेबलावरची लाल पेन्सिल उचलली होती आणि कार्डांवरच्या माझ्या सह्या एकेक करून तो खोडत होता.