एक जूनची पोरं

आमच्या गावात अर्ध्या माणसांचा वाढदिवस एक जूनला असतो. ती माझी करामत. तळ्याजवळच्या या गावात मी तीस वर्षं शाळामास्तर होतो. पोर दाखल करायला बाप यायचा, डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, "गुरुजी, भात कापनीला झाला बगा." कापणीची तारीख रजिस्टरात कशी लिहिणार? मी एक जून लिहायचो. पोराला सहा वर्षं पुरी व्हायची, बाप खूश, मी खूश, सरकार खूश.

त्र्याण्णव साली शेठच्या आंबाबागेतला राखण्या बहादूर थापा पोरीला घेऊन आला. नाव विचारलं तर म्हणे कांछी, म्हणजे नेपाळीत धाकटी. हे काय नाव झालं? मीच प्रणाली लिहिलं. पोर चुणचुणीत होती, पण सहा वर्षांना दीड महिना कमी पडत होता. तिचं वर्ष फुकट जाऊ नये म्हणून तिलाही एक जून सत्याऐंशी दिला. त्याच पानावर, तिच्या वरच्या ओळीत, माझ्या हर्षदचाही एक जून आहे. तो झाला दिवाळीच्या फराळात. पण मास्तरच्या मुलाने वर्षभर घरी बसायचं का?

पोरीचा खरा जन्म मला पक्का ठाऊक होता, कारण ती माझ्याच शेतात जन्मली. गटारीच्या चार दिवस आधी, जुलैत, ऐन लावणीत. तिची आई आमच्याकडे मजुरीला होती. कळा बांधावरच सुरू झाल्या. माझी बायको सोनूबाई तेव्हा स्वतः सहा महिन्यांची गरोदर, तिनेच नाळ कापली. पुढे पोर आमच्याच अंगणात पेज पिऊन वाढली. आईबाप गेले, गावातल्याच जीवन शिगवणशी लग्न झालं, दोन मुलं झाली, अंगणवाडीत सेविका म्हणून लागली.

गेल्या हिवाळ्यात ही बाई अंगणवाडीचा राजीनामा देऊन सरपंचपदाला उभी राहिली. माझ्या हर्षदसमोर. आणि एकोणीस मतांनी निवडून आली.

मला आग लागली. मोठं मन करायचं असतं वगैरे मी पोरांना तीस वर्षं शिकवलं, पण मला ते जमलं नाही.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी, तिने खुर्ची घ्यायच्या आधीच, न्हाव्याकडे दाढी करताना मी एवढंच म्हणालो, "आईबाप नेपाळचे, मग ही कुठली?" साबण पुसून होईपर्यंत गावभर झालं. मोबाइलवर तिच्या फोटोला कुणी टोपी चढवली, कुणी हातात काठी दिली. गावातला टवाळ नामा रोज तिच्या दारासमोर थांबून "सलाम शाब" करायचा. पोरं रात्रपाळीच्या गुरख्यासारख्या शिट्ट्या फुंकत घरावरून जायची. तिला मत दिलेलेही हसत होते. हसायला काय जातं?

हर्षदने कलेक्टरकडे तक्रार ठोकली, ही बाई भारताची नागरिकच नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती आमच्याकडे आली. वकिलाने समजावलेलं तिने मला समजावलं. एक जुलै सत्याऐंशीच्या आधी जो इथे जन्मला तो भारतीय, आईबाप कुठलेही असोत. त्यानंतर जन्मला तर दोघांतला एक तरी भारतीय लागतो.

"शाळेच्या दाखल्यावर एक जून हाय गुरुजी. तेवढ्यावर भागतंय. तुमी फकस्त काय बोलू नका."

"मी कशाला बोलू?" मी म्हणालो. ती पाया पडली. सोनूबाईने तिला चहा दिला. जाताना तिचं तोंड जरा हलकं झालेलं दिसलं.

दुसऱ्या दिवशी अलिबागला कलेक्टर साहेबांपुढे मी उभा राहिलो आणि बोललो. जन्म जुलैतला. माझ्या शेतातला. एक जून मी अंदाजे लिहिला. त्या रजिस्टराबद्दल आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो आणि बोलताना काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तिच्या वकिलाने विचारलं, "मग त्या पानावरच्या बाकीच्या तारखा?"

"बाकीच्या बरोबर आहेत."

"तुमच्या मुलाची?"

"बाप आहे मी. मला माहीत नसणार?"

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

निवड रद्द झाली. साहेब माणूस बरा होता, त्याने समजुतीने सांगितलं की लग्नाला इतकी वर्षं झालीत, नागरिकत्वाला अर्ज करा, फक्त नेपाळचा पासपोर्ट जोडा. जी बाई कधी पनवेलच्या पुढे गेली नाही तिने आधी नेपाळी होऊन दाखवायचं, मग तिला भारतीय करणार. मतदार यादीतून नाव गेलं. अंगणवाडीतल्या तिच्या जागेवर आमच्या सूनबाईंची, हेमालीची, वर्णी लागली.

हर्षद बिनविरोध सरपंच झाला. एक जूनला त्याच्या वाढदिवसाचा हा मोठा बॅनर लागला, खाली माझा फोटो. केक कापला. गर्दीतून ती पुढे आली आणि म्हणाली, "गुरुजी, आज माजापन वाडदिवस असायचा."

माझ्या तोंडात केक होता. मी म्हणालो, "तुझा जुलैत. लावणीला ये, तिथेच करू." केवढा हशा पिकला! मलाही ते फार छान सुचलं असं वाटलं.

ती आली. गटारीच्या आठवड्यात, डोक्यावर इरलं घेऊन, मजुरीच्या बायकांबरोबर माझ्या शेतात उतरली. नवरा जीवन एकटा कितीसा पुरा पडणार? मी बांधावर उभा राहून जुन्या सवयीने वहीत हजेरी घ्यायला लागलो.

"प्रणाली!"

मी पुन्हा हाक मारली. ती वाकलेलीच होती.

"ती तुमच्या रजिस्टरातली गुरुजी. खोटी निघाली न्हवं? कांछी लिवा."

मी कांछी लिहिलं. तेवढ्यात बांधावर बसलेली सोनूबाई बोलली. सुनावणीपासून ती माझ्याशी धड बोललीच नव्हती.

"हितंच नाळ कापली मी हिची. हिच्या आयशीनं माज्या पोटावर हात ठेवला, म्हनली, तुझं दिवाळीला व्हईल. दिवाळीलाच झाला माजा हर्षद." आणि आवाज चढवून, "लिवा की गुरुजी! त्याची पन खरी तारीख लिवा!"

वीस बायका होत्या. सगळ्यांनी ऐकलं. पण एकीनेही मान वर केली नाही. सरपंचाच्या शेतात मजुरी होती, त्या लावत राहिल्या.

कांछीने मागे न बघता रोपांची पुढची जुडी मागितली. मी वही मिटली आणि जुडी तिच्या हातात दिली.