कॅमेऱ्याची मान

नातीला सांभाळायला दोन्हीकडच्या आज्या एकाच घरात राहायला आल्या आणि आठवडाभरातच दोघींची तोंडं दोन दिशांना झाली. कारण होता पाळण्यावरचा कॅमेरा. लेकीला ऑफिसातून बाळ दिसावं म्हणून तो लावलेला. पण त्याची मान कधीकधी भलतीकडेच वळलेली असायची. कधी लेकीच्या आईच्या, म्हणजे माईच्या, आरामखुर्चीकडे. माईला वाटायचं, विहीणबाई आपल्यावर नजर ठेवतात. कधी ती विहीणबाईंच्या पलंगाकडे वळायची. जन्मभर शाळेत गणित शिकवल्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. त्यांना हाच संशय माईचा.

एका दुपारी दोघी मुकाट्याने लंगोटांच्या घड्या घालत होत्या. तेवढ्यात कॅमेरा कुरकुरला आणि त्याने मान वळवली. दोघींनी एकमेकींच्या हातांकडे पाहिलं. मोबाइल कुणाच्याच हातात नव्हता.

"म्हणजे तुम्ही नव्हे?" बाई म्हणाल्या.

"अहो, मला वाटलं तुम्हीच."

माईने उठून आधी कॅमेऱ्याची वायर उपटली. तिची नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली. कुणी तिऱ्हाईत लाइनीत घुसलाय हे सांगायला तिला कुणी लागलं नाही. तिने जावयाला फोन लावला.

"जुना राउटर आहे, त्यातूनच कुणीतरी शिरलं असणार," जावई म्हणाला. "माळ्यावर तीन नेटवर्क पोर्टवाला जुना कॉम्प्युटर आहे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर घालून त्याचाच पक्का राउटर करू. लिंक पाठवतो, पण रविवारपर्यंत हात लावू नका."

"हात लावू नका म्हणतो," बाई पदर खोचत म्हणाल्या. "काढा तो खाली."

बाई मोबाइलवर वाचून सांगत, माई वायरी जोडे. पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर चढलं, पण इंटरनेट काही येईना. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर घरातल्या फोन-लॅपटॉपसाठीच्या पोर्टात, म्हणजे भलत्याच खाचेत, गेली होती.

"तुम्ही उलटं वाचलंत."

"मी सुलटं वाचलं, तुम्ही उलटं ऐकलंत."

मग बाईंनी नियम घातले: कॅमेरा तिसऱ्या पोर्टावर, एकटा. त्याने ना बाहेर जायचं, ना घरातल्या फोन-लॅपटॉपला हात लावायचा. नियम असे कडक झाले की बाईंना स्वतःलाच राउटरमध्ये शिरता येईना.

"स्वतःलाच वर्गाबाहेर काढलंत की हो," माई म्हणाली. बाई खुर्चीतच हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग दोघींनी सगळं पहिल्यापासून केलं.

बाहेरून आत यायला एकच बंदिस्त वाट ठेवली. तिची किल्ली फक्त लेकीच्या आणि जावयाच्या फोनमध्ये. दुसऱ्या दिवशी लेकीने ऑफिसातून कॅमेरा उघडला, तर पडदाभर दोन आज्या.

"आई, बाळ कुठंय?"

"झोपलंय. सरकतो आम्ही," माई म्हणाली, पण दोघी बराच वेळ हात हलवत राहिल्या.

संध्याकाळी चहा ओतता ओतता माई सहज म्हणाली, "माझ्या घरचा राउटरही जुनाच आहे हो."

"मग येते की मी," बाई म्हणाल्या. "चांगली चार दिवस राहायलाच येते."