धाब्याच्या खोलीतली सुई

नखाएवढे लोहचुंबक. लाल रंग अर्धा उडालेला, घोड्याच्या नालासारख्या वाकलेल्या दोन टोकांना पिशवीतली धूळ आणि कापसाचे तंतू चिकटलेले... करुणा ते तळहातावर घेऊन आबांच्या घराच्या दारात उभी होती. किल्ली शोधण्यासाठी तिने कॅमेऱ्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घातला होता आणि बोटांना हे लागले होते. किल्ली दुसऱ्याच कप्प्यात होती. या कप्प्यात वर्षभरात तिचा हात गेला नव्हता, कारण वर्षभरात तिने कॅमेराच उचलला नव्हता, आणि आज तो आणला तोही केवळ भिंतीवरून उपकरणे काढण्यापूर्वी त्यांचा एक फोटो असावा म्हणून. प्रकल्प संपला होता. संस्थेला उपकरणे सोमवारपर्यंत परत हवी होती. आबांना जाऊन अठ्ठावीस दिवस झाले होते, पण तसे काही संस्थेच्या पत्रात असायचे कारण नव्हते.

हे इथे कसे? तिने स्वतःला विचारले, आणि विचारतानाच तिला जाणवले की या प्रश्नाच्या मागे दुसरा एक प्रश्न उभा आहे, आणि तो तिला इतक्यात नको आहे.

कुलूप उघडले. दोन खोल्या, शेजारीशेजारी, एकाच मापाच्या, एकाच भट्टीच्या विटांच्या, दोन्ही दारे पूर्वेला. फरक फक्त वर. एकीवर पत्रा, दुसरीवर धाबे, म्हणजे इथे केंदुर गावात जुन्या घरांवर असते तसे पांढऱ्या मातीचे सपाट छप्पर, पण तिने आखलेले, मातीत भाताचे तूस मिसळून हलके केलेले, मधे पाणी अडवणारा कागद घातलेला. उन्हाळ्यात कोणती खोली किती तापते, एवढाच प्रश्न. संस्थेच्या आवारात अशा खोल्या बांधता आल्या असत्या, पण तिथे रोज सकाळी सातला, रविवारी, दिवाळीला, तापात, नोंद घेणारा माणूस मिळाला नसता. आबा होते. दौंडला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये एकतीस वर्षे काढून गावी परतलेले, हाताला काम नसलेले तिचे वडील, साहेबराव.

तिने त्यांना शिकवले होते. आबा, ही काचेची नळी वाकवलेली आहे, आत पारा आहे, आणि पाऱ्याच्या दोन्ही टोकांवर ही बारीक पोलादी सुई. पारा चढला की उजवीकडच्या सुईला ढकलत नेतो, मग स्वतः उतरतो, सुई मात्र तिथेच राहते. ते कमाल. डावीकडे तसेच किमान. सकाळी दोन्ही वाचायचे, लिहायचे, आणि मग या चुंबकाने सुया ओढून परत पाऱ्यावर टेकवायच्या, नाहीतर दुसऱ्या दिवशीचे कळणार नाही.

आबांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले होते.

"म्हंजी गाडी गेली की सिग्नल मागं टाकायचा. व्हय ना?"

"हो. तसंच."

"मग येवढं काय सांगती, हेच तर केलं जल्मभर."

धाब्याच्या खोलीत ती आली. तापमापक आपल्या जागी होता. त्याच्याखाली खिळ्याला जाड दोरा होता, तिने बांधलेला, आणि दोऱ्याला काळ्या रंगाचे, बांगडीहून लहान, जड असे एक कडे लटकत होते, त्याच्यावर जुन्या धोतराची चिंधी घट्ट गुंडाळलेली. काचेला लागू नये म्हणून. ती चिंधी पाहून — नाही, चिंधीवरच्या टाक्यांमुळे, आबांच्या हातचे ते एकसारखे बारीक टाके पाहून — तिचे पाय जागीच थांबले.

"आलीस व्हय. कवाची दारात हुबी होतीस, मला वाटलं कुलूपच विसरली का काय ही."

सोजरआत्या. आबांची धाकटी बहीण, मागच्याच घरात राहणारी. हातात चहाची कपबशी.

"आत्या, हे काय लटकवलंय?"

"ते? रेडूचं काळीज हाय." आत्याने बशी खिडकीत ठेवली. "मागल्या उन्हाळ्यात फोडला त्यानं रेडू. म्हटलं, बातम्या नकू वाटत्यात तर बंद कर, कापतोस कशाला. तर म्हणला, ह्याच्यात लोहचुंबक असतंय. पोरीची वस्तू हरवली माझ्याकडनं."

"माझी वस्तू?"

"तुझीच की. नखायेवढी कायतरी व्हती म्हणं, लाल. सगळं अंगण चाळलं गं त्यानं, माझी पिठाची चाळण घिऊन. मग उकिरडा. आन् पोपटरावची शेळी तवा हितं लिंबाला बांधल्याली असायची, तर ह्याच्या मनानं घेतलं तिनंच खाल्लं आसंल. दोन दिस शेळीच्या मागं लेंड्या बघत फिरला. पोपटराव म्हणला, साहेबराव, रेल्वेनं शेळ्यांचं खातं दिलंय का काय तुमास्नी." आत्या हसली आणि हसता हसता पदराने नाक पुसले. "आम्ही हसलो. त्यो काय हसला न्हाई."

"मला का नाही कळवलं?"

"सांगू नकू म्हणला. पोरीला वर साहेबास्नी जाब द्यावा लागंल." आत्याचे लक्ष तिच्या मिटलेल्या मुठीकडे गेले. "का गं? घावलं का काय कुठं?"

"नाही," करुणा म्हणाली.

म्हणजे हे इतके सोपे असते. एका श्वासात, आवाज न हलता... तिला वाटले, आता आत्याला सांगावे, पण तोवर आत्या तिसऱ्याच गोष्टीवर गेली होती, की इतकी गार खोली बांधून काय फायदा, दुपारची कुलपात आणि मालक लिंबाखाली, झळा खात. हो, तोही नियम माझाच. अकरा ते पाच दोन्ही दारे बंद ठेवायची, आत कुणी बसायचे नाही, माणसाच्या अंगाचीही उष्णता असते. आबांनी विचारले नव्हते, माणसासाठीच खोली ना ही? विचारले असते तर मी काय सांगितले असते, हे मला आजही ठाऊक नाही.

आत्या गेली. चहावर साय धरली.

सहा एप्रिल, दोन हजार दोन. तारीख आठवायला तिला वही लागली नाही. संस्थेतल्या तिच्या मार्गदर्शक सरांना प्रयोग दाखवायला ती घेऊन आली होती. सरांसमोर तिने स्वतः सुया वाचल्या, स्वतः चुंबकाने खाली ओढल्या, बोलत होती ती त्या वेळी, सारखी बोलत होती, धाब्याबद्दल, पांढऱ्या मातीबद्दल, ही पद्धत सगळ्या कोरड्या तालुक्यांत घरकुलांना कशी वापरता येईल याबद्दल, आणि मग फोटो काढायला कॅमेरा हातात घेताना चुंबक... कप्प्यात. आबा दारात उभे होते. बाप म्हणून नव्हे, निरीक्षक म्हणून उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. सर म्हणाले, फार काटेकोर नोंदी आहेत हो तुमच्या. आबांनी नुसती मान हलवली होती.

पंधरवड्याच्या नोंदींची पाने आबा टपालाने पाठवत. एप्रिल अखेरीस पाने आली, त्यांत सात तारखेपासून आकडे अडकलेले. बेचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस, त्रेचाळीस... पत्र्याच्या खोलीचे असे, धाब्याच्या खोलीचेही असेच, आकडा लहान एवढेच. तिने ती पाने टेबलावर ठेवली आणि तिला राग आला. म्हातारे माणूस, कंटाळले असेल, अंथरुणावरूनच लिहीत असेल. तिने पोपटरावाच्या दुकानात फोन लावला, आबांना बोलावून घेतले. दुकानात गिऱ्हाईक होते, मागे कुणी तरी गूळ मागत होते, तो आवाज अजून कानात आहे.

"आबा, रोज एकच आकडा कसा येईल?"

"जे दिसतंय तेच लिहितोय मी."

"घरबसल्या लिहू नका. त्यापेक्षा रिकामं सोडा. रेल्वेत चाललं असतं का असं?"



"बरं," आबा म्हणाले. "बघतो."

रेल्वेत. ती आठ वर्षांची असताना आबा एका रात्रपाळीत सिग्नल द्यायला चार मिनिटे उशीर करून बसले होते. मालगाडी बाहेर उभी राहिली, बाकी काही झाले नाही, कुणाला कळलेही नसते. आबांनी रजिस्टरात स्वतःच्या अक्षरात लिहिले, केबिनमनचा डोळा लागला, चार मिनिटे. त्या वर्षी त्यांची बढती राहिली. आई पुष्कळ दिवस बोलत नव्हती. आबा एवढेच म्हणाले होते, वेळ आपली नसती, गाडीची असती. तीच मुलगी मोठी झाली, शिकली, संशोधक झाली, आणि तिने त्यांना विचारले...

तिने कोनाड्यातून वही काढली. एप्रिलची पाने उघडली. आता कळायला चुंबक सापडण्याचीही गरज नव्हती, आकडेच सांगत होते, आणि ते तेव्हाही सांगतच होते. एकवीस दिवसांत कमाल तापमान एकदाही उतरले नव्हते. किमान एकदाही चढले नव्हते. सुई मागे न टाकलेल्या तापमापकावर हेच होते, फक्त हेच, तिनेच तर ते त्यांना शिकवले होते. खोटे लिहिणारा माणूस असे लिहीत नाही. तो खरे वाटावे म्हणून आकडे वरखाली करतो. आबांना सुया दिसत होत्या तिथे त्यांनी त्या लिहिल्या होत्या, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्यांचे ते पेन्सिलीचे बारीक टिंब होते. दोनदा पाहिले, असा त्याचा अर्थ. केबिनमधली सवय.

अठ्ठावीस एप्रिलपासून आकडे हलू लागले. चढले, उतरले. तेव्हा ती मनाशी म्हणाली होती, आता नीट खोटे लिहायला लागले. तो रेडिओ फुटल्याचा दिवस होता. पुढे मे महिन्यात ती आली, तापमापकांकडे फिरकलीही नाही, तेव्हा घर गप्प होते. सकाळची गाणी नाहीत, सातच्या बातम्या नाहीत. तिने विचारलेही होते, रेडिओ कुठंय? आबा म्हणाले, बिघडलाय. तिने म्हटले, शिरूरला टाका दुरुस्तीला. आबा म्हणाले, बघू.

वह्यांच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तिचा अहवाल होता. जानेवारीत दिलेली बांधीव प्रत. इंग्रजीतला, आबांना सगळा वाचता येणारा नव्हता, पण रेल्वेने त्यांना थोडे इंग्रजी दिले होते. पान एकाहत्तर तिला पाठ होते. तळटीप — उन्हाळ्यातील नोंदी निरीक्षकाने प्रत्यक्ष न घेतल्याचा संशय असल्याने वगळल्या आहेत. आणि उन्हाळाच वगळल्यावर उरले ते पावसाळा आणि हिवाळा, ज्यांत पत्रा काय आणि धाबे काय, फरक असा दिसत नाही. निष्कर्ष: शिफारस करण्याइतका पुरावा नाही. सरांनी तो सौम्य शब्दांत लिहायला लावला होता. त्यानंतर धाब्याचे नाव कुणी काढले नाही.

पान उघडावे की नाही. उघडले.

तळटिपेच्या शेवटी, पूर्णविरामाच्या थोडे उजवीकडे, पेन्सिलीचे टिंब होते.

दोनदा पाहिले.

ती भिंतीला टेकून खाली बसली. बाहेर ऊन चढत गेले, पत्र्याच्या खोलीचा पत्रा तडतडू लागला, आणि इथे, या खोलीत, मानेमागचा घाम हळूहळू सुकला. तिच्या ध्यानात आले की दुपारच्या वेळी आपण प्रथमच धाब्याखाली बसलो आहोत. गारवा होता. खरोखरचा. तो मोजायला काहीच लागत नव्हते.

त्या टिंबानंतरही तीन महिने नोंदी होत्या. प्रकल्प संपला, आबा, आता नको, असे तिने सांगितले होते. असू दे, सवय लागलीय, ते म्हणाले होते. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. अख्खा एक उन्हाळा चढत आलेला, कुणीही न मागितलेला. शेवटची नोंद एक मे, सकाळी सात. मग दुपारी छातीत कळ, शिरूरचा दवाखाना, पहाट. हे आकडे घेऊन सरांपुढे जाता येईल. तळटीप चुकीची होती, चूक माझी होती, चुंबक माझ्या पिशवीत होते, असे लिहिता येईल, स्वतःच्या अक्षरात. केबिनमनचा डोळा लागला. पण सर कुणाच्या नोंदी म्हणून विचारतील, आणि आज सकाळी आत्याला मी काय उत्तर दिले ते मला ठाऊक आहे.

ती उठली. तापमापकासमोर उभी राहिली. कमाल छत्तीस. मे महिन्यातल्या कुठल्याशा दुपारी पाऱ्याने सुई इथवर आणून सोडली होती. ती त्या आधी शेवटची खाली टेकवली होती ती आबांनी, त्या चिंधीतल्या कड्याने, एक तारखेला सात वाजता. म्हणजे तेव्हा सुरू झालेला दिवस या नळीत अजून चालूच होता. तो मोजला गेला होता, लिहिला गेला नव्हता. उपकरण खिळ्यावरून काढून पिशवीत आडवे ठेवले की सुया हलणार. चुंबक लावले तरी हलणार.

तिने वही उघडली. छत्तीस लिहिले. सुईकडे पुन्हा पाहिले, छत्तीसच, पण टिंब द्यायला पेन्सिल टेकवली तेव्हा हात थांबला. निरीक्षकाचा रकाना अजून रिकामा होता. एका हातात लाल चुंबक होते, दुसरा हात त्या काळ्या जड कड्याकडे गेला आणि मधेच थबकला. फाट्यावर तीनच्या एसटीचा हॉर्न वाजला. तिला जायचे होते त्याच गाडीचा. आवाज चढावर जड झाला, मग उताराला लागला, मग विरला.

"करुणे," मागच्या दारातून आत्याची हाक आली, "गाडी गेली गं तुजी."

"हो आत्या," ती म्हणाली. "या इकडं. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

आत्या येईपर्यंत ती लाल चुंबक उघड्या तळहातावर धरून सुईकडेच पाहत उभी राहिली. गाडी गेली होती, आणि सिग्नल अजून मागे टाकलेला नव्हता.